एक तास सतरा मिनिटं चाळीस सेकंद

एक तास सतरा मिनिटं चाळीस सेकंद झाले की हिम्मतराव गोठायचे. बाकीचं लग्न पुढे चालू असायचं. सनई वाजायची, कुणाचं तरी लेकरू रडायचं, मागून एक बाई "अहो, मठ्ठा कुठंय मठ्ठा" असं विचारत राहायची. पण पडद्यावर हिम्मतराव मात्र अर्धं तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, हातात केशरी फेट्याचं टोक, असे थिजलेले. शिंक येता येता परत गेली की माणसाचं तोंड जसं होतं तसं. मंगळवारपासून त्यांनी स्वतःचं हे तोंड एकोणीस वेळा पाहिलं होतं आणि एकोणीसही वेळा त्या माणसाच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं त्यांना वाटलं होतं.

पडदा म्हणजे वहीएवढा. चिरंजीव विकास याने नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात घेतलेला छोटा लॅपटॉप, ज्यात विंडोजऐवजी लिनक्स होतं. बेंगळुरूला मोठा लॅपटॉप घेतल्यावर त्याने हा वडिलांना दिला. उतरलेला शर्ट द्यावा तसा. हिम्मतराव त्यावर पेपर वाचायचे आणि पत्ते खेळायचे, आणि दोन्हींसाठी ते यंत्र उत्तम होतं.

पण आता प्रश्न पत्त्यांचा नव्हता, थोरल्या भावाचा होता. नामदेवराव उदगीरला शेती सांभाळून होते. हिम्मतरावांच्या मुलीच्या, प्रियदर्शिनीच्या लग्नाहून परत गेले ते चार महिने बोलले नव्हते. त्यांच्या घरचा रिवाज असा की लग्नात बाकीच्या मानकऱ्यांना फेटेवाला फेटे बांधतो, पण घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला मुलीच्या बापाने स्वतःच्या हाताने फेटा बांधायचा, सगळ्यांत शेवटी, सगळ्यांच्या देखत. नामदेवरावांचं म्हणणं, बांधला नाही. हिम्मतरावांचं म्हणणं, बांधला, ह्या ह्या हातांनी बांधला, कापड कसं सुळसुळत होतं तेसुद्धा आठवतंय.

"मी कामून खोटं बोलू?" सोमवारी अखेर फोन आला तेव्हा नामदेवराव म्हणाले होते. "डोकं माझं होतं का तुझं?"

"दादा, हात माझे होते."

"मग कॅसेट दाखव. रविवारी येतो. दिसलं तर भर चौकात तुझ्या पाया पडतो. न्हाई दिसलं तर हे शेवटचं. तुझ्या दारात मी न्हाई अन् माझ्या दारात तू न्हाईस."

आणि फोन ठेवला. नामदेवराव बोलतात त्याप्रमाणे वागतात. एकदा त्यांनी जावयाच्या गावचं पाणी पिणार नाही असं म्हटलं होतं. अकरा वर्षं ते तिकडे जाताना घरून कळशी नेत.

कॅसेट मात्र नव्हती. हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या व्हिडिओवाल्या यादगिरीने पेनड्राइव्ह दिला होता. "सीडी का जमाना गया साब," असं म्हणून. देशाची दारं जगाच्या मालाला उघडून वीस वर्षं झाली होती, बाजारात जगातली प्रत्येक वस्तू मिळत होती, आणि हिम्मतरावांच्या बरकतपुऱ्यातल्या घरात त्या पेनड्राइव्हचं तोंड ज्यात बसेल अशी एकच वस्तू होती. ती गोठत होती.

हिम्मतराव पाटबंधारे खात्यातून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यामुळे त्यांनी प्रथम फाइल उघडली. वर लिहिलं, "विषय : चलचित्र गोठणेबाबत". खाली तारीख, वेळ, सनई चालू किंवा बंद, असे रकाने. तीस वर्षांच्या अनुभवाने त्यांना ठाऊक होतं की फाइल उघडली की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं पुढचा क्लार्क करतो. इथे पुढचा क्लार्क नव्हता, हे त्यांच्या बुधवारी लक्षात आलं.

बुधवारी समोरच्या फ्लॅटमधला अनिल आला. पुण्याचा, मोठ्या कंपनीत कामाला, चाळिशीचा, आणि कुणाच्याही घरातून "काहीतरी बिघडलंय" असं ऐकू आलं की चप्पल न घालता येणारा.

"काका, तुम्ही मूळ कारण शोधलंत का?"

"तेच तर शोधतोय."

"नाही, म्हणजे पद्धतशीर. आधी स्वतःला पाचदा 'का' विचारायचं."

हिम्मतरावांनी स्वतःला एकदाच विचारलं, ह्याला घरात का घेतलं. मग सरळ म्हणाले, "अनिल, तुझा लॅपटॉप दे रविवारी तासभर."

अनिलचा चेहरा शोकसभेतल्यासारखा झाला. ऑफिसच्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावायला साहेबाची परवानगी लागत होती. साहेब शिकागोत. अनिलने मोठ्या मनाने तिथल्या तिथे अर्ज केला, कारण म्हणून "शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न" लिहिलं. गुरुवारी सकाळी उत्तर आलं. साहेबांनी वधूवरांना शुभेच्छा दिल्या होत्या आणि अर्ज नामंजूर करून निकाली काढला होता.

अनिलची आई सुलभाताई यांचं निदान वेगळं. त्यांनी यंत्राच्या पाठीला हात लावला आणि म्हणाल्या, "अहो, हे तापलंय. तापात कुणीही बरळतं. दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा."

हिम्मतरावांनी ठेवलं. रागावलेल्या माणसाला सल्ल्यासल्ल्यातला फरक कळत नाही. दह्याच्या पातेल्याशेजारी यंत्र दहा मिनिटं बसलं, बाहेर आलं आणि सगळ्या अंगाला दरदरून घाम फुटल्यासारखं ओलं झालं. मग सुलभाताई म्हणाल्या, ओल आली तर तांदळात पुरायचं. ते पुरलं. बायकोने, तारामतींनी स्वयंपाकघरात येऊन तांदळाच्या डब्यात हात घातला आणि हाताला लॅपटॉप लागला.  त्या दिवशी त्यांनी भाताऐवजी भाकरी केली.

शुक्रवारी यंत्र कोरडं झालं आणि पहिल्यासारखं, एक तास सतरा मिनिटं चाळीस सेकंदांना, गोठलं.

"नेटच्या दुकानात बघा की," तारामती म्हणाल्या.

दुकानात ओळखपत्र मागितलं. त्याची प्रत मागितली. मग नोंदवहीत नाव, वडिलांचं नाव, पत्ता, आणि भेटीचं कारण. हिम्मतरावांनी शुद्ध अक्षरात "भाऊबंदकी" असं लिहिलं, सही केली, तारीख घातली. एवढं झाल्यावर मालक म्हणाला, पेनड्राइव्ह चालत नाही, व्हायरस येतो.

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही आधी विचारलंत का?"

हिम्मतरावांनी पेनड्राइव्ह परत खिशात टाकला, कारण तीस वर्षं त्यांनी स्वतः हेच उत्तर दिलं होतं.

तिथून घरी येऊन त्यांनी यंत्र घेतलं आणि ते तडक कोठीच्या बाजारात गेले. जहांगीरभाईंचं दुरुस्तीचं दुकान जिन्याखाली आहे, आणि जिना चढणारा प्रत्येक माणूस त्यांच्या डोक्यावर पाय ठेवून जातो, तरी त्यांचा स्वभाव गोड आहे. त्यांनी यंत्र उघडलं, पाहिलं, आणि दोन्ही हात मागे घेतले.

"लिनक्स है साब. इसकू कोई हात नै लगाता."

"कामून?"

"क्या बोलना. इसमें तो वायरस भी आने कू नक्को बोलते. सब मिटाके दुसरा डाल देतूं?"

"आणि माझे पत्ते?"

"पत्ते भी जाते."

हिम्मतराव यंत्र काखेत मारून उठले. जिना चढणाऱ्या एका माणसाकडे त्यांनी असं पाहिलं की तो दोन पायऱ्या उतरला.

घरी येऊन त्यांनी विकासला फोन लावला. विकास म्हणाला, "बाबा, सोपं आहे. काळी खिडकी उघडा. मी सांगतो ते टाइप करा." हिम्मतरावांनी एका बोटाने, एकेक अक्षर, सरकारी टंकलेखकाच्या इमानदारीने टाइप केलं. यंत्राने पासवर्ड मागितला.

"बाबा, पासवर्ड निशिगंधा."

"कोण निशिगंधा?" तारामतींनी मागून विचारलं. एवढा वेळ त्यांना ह्या प्रकरणात काडीचा रस नव्हता.

"फूल आहे ते आई," विकास बेंगळुरूहून म्हणाला.

हिम्मतरावांनी निशिगंधा टाइप केली. पडद्यावर काही उमटलं नाही. पुन्हा केली. पुन्हा नाही.

"अरे, मी लिहितोय आणि हा दाखवत नाही."

"दाखवत नाही तो. तुम्ही लिहीत राहा."

"म्हणजे मी आंधळ्यासारखं लिहायचं आणि हा बघत बसणार?"

लिहिलं. मग यंत्राने सांगितलं की तुम्हाला परवानगी नाही, आणि ह्या प्रकाराची नोंद वर कळवली जाईल. हिम्मतराव उभे राहिले. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्या मुलाच्या यंत्राने माझी तक्रार करावी. कुणाकडे? त्यांनी विकासला विचारलं, ही तक्रार जाते कुणाकडे. विकास म्हणाला, "तुमच्याकडेच जाते बाबा, त्या यंत्राचे मालक तुम्हीच." हे ऐकून ते पुन्हा खाली बसले.

विकासने मग नेटवर, जगभरच्या जाणत्यांच्या एका सभेत हा प्रश्न टाकला. तासाभरात फिनलंडहून उत्तर आलं : हा प्रश्न चार वर्षांपूर्वी विचारला गेला आहे, विचारण्यापूर्वी शोधावे. हिम्मतरावांनी फाइलमधल्या कोऱ्या कागदावर उत्तराचा मसुदा केला. "महोदय, आपल्या थंड देशात गोठण्याचे प्रकार नित्याचे असल्याने आपणांस त्याचे गांभीर्य नसावे." विकासने तो पाठवला नाही, आणि पाठवला असं सांगितलं.

खरं कारण शेवटी सापडलं ते यादगिरीच्या दुकानात, शनिवारी सकाळी. हिम्मतरावांनी विचारलं, बाबा, बरोबर फेट्याच्याच वेळी हे कामून अडकतं? यादगिरी लाजला. कौतुक झाल्यावर लाजावं तसा.

"साब, वो सीन में मैं गुलाब डाला."

"काय डाला?"

"गुलाब. ऊपर से गिरते. चोवीस गुलाब, एक-एक पंखुडी अलग घूमती. और पीछे मोर. पूरे हैदराबाद में ऐसा फेटा कोई नै बनाया साब."

म्हणजे हिम्मतराव फेट्याचं टोक हातात घेत आणि आभाळातून चोवीस गुलाब सुटत. प्रत्येक पाकळी वेगळी वळत असे. ते म्हातारं यंत्र पाकळ्या मोजता मोजता जीव टाकत असे.

"काढ ते गुलाब."

यादगिरीचा चेहरा पडला. गुलाब काढले तर सीनमध्ये राहणार काय, त्याने विचारलं. माझा भाऊ राहील, हिम्मतराव म्हणाले. मग यादगिरीने पावती काढली. पावती व्याह्यांच्या नावावर होती, कारण शूटिंग मुलाकडच्यांनी ठरवलं होतं. एकही पाकळी हलवायची तर त्यांची सही हवी. व्याह्यांकडे जाऊन, आमच्या घरात फेट्यावरून भांडण आहे, तेव्हा गुलाब काढायला संमती द्या, असं म्हणायचं? हिम्मतराव पायऱ्या उतरले. सुलतान बाजाराच्या त्या गर्दीत त्यांना कुणी धक्का दिला नाही. लोक आपोआप बाजूला होत होते.

दुपारी दोन वाजता विकासने अखेरचा इलाज सांगितला. यंत्रातलं जे जे सुंदर आहे ते बंद करायचं. सावल्या, रंग, कोपऱ्यातलं घड्याळ, नेट, सगळं. आणि चित्र दाखवणाऱ्याला सांगायचं की बाबा रे, जी पाकळी झेपत नाही ती सोड, पण थांबू नकोस. हिम्मतरावांनी ह्या खेपेला विकासच्या नावाने शिरून काळ्या खिडकीत तसं लिहिलं. निशिगंधा आता त्यांना तोंडपाठ झाली होती.

एक तास सतरा मिनिटं एकोणचाळीस. चाळीस. एकेचाळीस.

चाललं.

तारामती बाजारात गेल्या होत्या. घरात ते एकटेच. पडद्यावर गुलाब धपाधप पडू लागले, मधलेच काही गायब, एका मोराला डोकं नव्हतं. त्यांतून नामदेवराव दिसले. खुर्चीत बसले होते. त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, आणि फेटा बांधून घ्यायला मान थोडी पुढे केली. हिम्मतराव हातात फेटा घेऊन त्यांच्याकडे येत होते. तेवढ्यात मधे कुणीतरी आलं, गडबड झाली, आणि हिम्मतराव वळले. तो फेटा त्यांनी बांधला. स्वतःच्या हाताने, सुळसुळणारं कापड नीट बसवत, एका सफारीतल्या जाड्या माणसाच्या डोक्यावर बांधला. मग कुणीतरी हाक मारली म्हणून ते चौकटीतून निघून गेले.

मागे नामदेवराव तसेच होते. मान पुढे. बराच वेळ. मग त्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलली, झटकली, आणि डोक्यावर घातली. तिच्यावर एक गुलाब पडला.

हिम्मतरावांनी यंत्र मिटलं. हात खोटं बोलले नव्हते. त्यांना फक्त डोकं आठवत नव्हतं.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते फाइलमध्ये नोंदवलेलं नाही. पेनड्राइव्ह हरवला म्हणावं, तर ते गुन्हा कबूल केल्यासारखं. गोठणं मात्र निर्दोष होतं. गोठण्याला कुणी जबाबदार नसतं. तेव्हा त्यांनी सावल्या पुन्हा चालू केल्या, रंग चालू केले. चाललं. चार ठिकाणी पत्त्यांचे डाव मांडले. तरी चाललं. यंत्राला उन्हात ठेवलं, त्यावर विकासची जुनी रजई टाकली. रजईच्या आतून सनई ऐकू येत होती आणि बाई मठ्ठा मागत होती. विकासने लिहायला लावलेली ती 'थांबू नकोस'ची एक ओळ कुठे जाऊन बसली होती देव जाणे. मंगळवारपासून मरायला टेकलेलं ते यंत्र आता विशीतल्या पोरासारखं धावत होतं.

तारामती पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या.

"पाच दिवस चालत नाही म्हणून घर डोक्यावर घेतलंत. आता चालतंय तर रजई?"

"गोठू दे गं त्याला," हिम्मतराव म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून तारामतींनी पिशवी खाली ठेवली.

रविवारी अकराला नामदेवराव आले. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर पिशवी. तारामतींनी तांब्या पुढे केला.

"पाणी नको. आधी कॅसेट."

अनिल आधीच येऊन बसला होता. बोलावलं नव्हतं, पण त्याला निकाल हवा होता. नामदेवरावांनी चष्मा पुसला, खुर्ची ओढली, नाक पडद्याला लागेल इतके जवळ बसले. हिम्मतरावांनी थेट एक तास सतरा मिनिटांवर आणलं. तीस. पस्तीस. आयुष्यात पहिल्यांदा ते एका यंत्राची मनातल्या मनात विनवणी करत होते. चाळीस. एकेचाळीस.

"वा, चाललं की काका," अनिल म्हणाला.

हिम्मतरावांनी हात घालून ते थांबवलं.

"दादा, नका बघू. चुकलं माझं. तुम्ही खरं बोलत होता. न्हाई बांधला."

"सरक."

"दादा, मी म्हणतोय ना."

"म्हणतोयस ते ऐकलं. आता दिसू दे. उदगीरहून तुझं म्हणणं ऐकायला आलो न्हाई."

त्यांनी स्वतःच्या बोटाने ते पुन्हा चालू केलं. गुलाब पडले. मोर फिरला. टोपी गुडघ्यावर आली, मान पुढे झाली. हिम्मतराव पडद्याकडे न बघता भिंतीवरच्या पालीकडे बघत होते. मग नामदेवरावांचा आवाज आला, अगदी हळू.

"हा कोण?"

"तो सफारीवाला... मुलाकडचा कुणीतरी."

"तो न्हाई. हा. तुझ्या तोंडापुढं बोट नाचवायलाय तो."

हिम्मतरावांनी पाहिलं. चौकटीच्या कडेला, गुलाबांच्या आड, मधे आलेला तो माणूस होता. व्याह्यांचे मेहुणे. आमच्या माणसाला फेटा राहिला, हीच का तुमची रीत, असं ओरडत होते. आणि त्यांच्यासमोर हिम्मतराव दोन्ही हात जोडून, कमरेत वाकून उभे होते. काखेत फेटा. काल त्यांनी हे पाहिलंच नव्हतं. काल ते फक्त टोपीकडे बघत होते.

"मुलीचा बाप म्हटलं की होतं असं, दादा."

"काय होतं असं?" नामदेवराव उठले. "एवढा वाकलास? आपला बाप गेला तेव्हा तलाठ्यापुढं मी वाकलो न्हाई, अन् तू ह्या बोटवाल्यापुढं? माझ्या देखत? अन् मला मागं बसून दिसलं न्हाई?" पडद्यावरच्या मेहुण्यांवर त्यांनी स्वतःचं बोट इतक्या जोराने रोखलं की यंत्र मागे सरकलं. "राहतो कुठं हा?"

"सिकंदराबादला. पण दादा, आपली पोरगी त्या घरात नांदायलीय."

"पोरीच्या घरी कोण जायलंय? ह्याच्या घरी जायचंय. उंबऱ्याबाहेर उभा राहतो, एकच विचारतो, बोट कुणावर उगारलंस. रिक्षा बघ."

"काका, आपण शांतपणे बसून," अनिल म्हणाला. नामदेवरावांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो शांतपणे बसला.

हिम्मतरावांनी दार अडवलं. नामदेवरावांनी हात सोडवले, त्यांनी परत धरले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर दोघं भाऊ एकमेकांची मनगटं धरून उभे होते. समोरच्या दारातून सुलभाताई बघत होत्या.

"दादा," हिम्मतराव म्हणाले, "माझ्यावरचा राग गेला म्हणायचा मग?"

"तो कामून जाईल? चार महिने जपलाय."

"दादा, निदान जेवून तरी जा," तारामती मागून म्हणाल्या.

नामदेवरावांनी एक चप्पल पायात सारली, दुसरी शोधली.

"आल्यावर जेवतो. आल्यावर ह्याच्याशी भांडतो. आधी ते."